डाव्या हाताची खिडकी

गल्ली एवढी अरुंद असेल असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं. दादाने गाडी कोपऱ्यावरच लावली, उतरून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि घड्याळ बघितलं.

"अकरा दहा. दोनला निघायचं म्हणजे निघायचं. आईजवळच्या बाई पाचला जातात."

"बरं, कंट्रोलरसाहेब," बेबी म्हणाली. "शिट्टी वाजवा, आम्ही येऊन बसू."

बस डेपोतली कंट्रोलरची नोकरी संपून दादाला तीन वर्षं झाली होती, पण घरातल्या लग्नांपासून दुखण्यांपर्यंत सगळ्याचं वेळापत्रक अजून तोच लावायचा. बेबी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. पंचावन्नाव्या वर्षीही बेबीच. शिवणकामाच्या दुकानातून घाईने निघताना गळ्यातली टेप काढायची राहिली होती, ती तशीच लोंबत होती. ताई, सगळ्यांत थोरली, गाडीतून सावकाश उतरली. आधी एक गुडघा, मग दुसरा. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि रोजच्या पाठाचं पुस्तक. त्या पुस्तकात बाबांचा कागद होता, आणि त्या कागदासाठीच तर हा सगळा प्रवास.

येताना दोन तास गाडीत कुणी त्या विषयावर बोललं नव्हतं. बोलण्यासारखं सगळं आधीच बोलून झालं होतं. आई शहाऐंशीची. गेल्या वर्षभरात तिच्या मनातून ताईचं घर पुसलं गेलं, त्याआधीचंही एक पुसलं गेलं, आणि उरलं ते हे घर, चोपन्न वर्षांपूर्वी सोडलेलं. लग्न झाल्यापासून आईचा एक नेम होता. पहाटे उठायचं, कुणाशी एक शब्द न बोलता चालत जाऊन खिडकी उघडायची, तिथे उभं राहून देवाचं नाव घ्यायचं आणि मगच दिवसाचा पहिला शब्द बोलायचा. नेम अजून चालू होता. फक्त आई जुन्या घरातल्या खिडकीकडे चालायची, आणि ताईच्या घरात त्या जागी भिंत असायची. एकदा पडली. तेव्हा ताईला सुचलं की आईला बदलता येत नाही तर खोली बदलावी. बाबांनी काढलेला जुन्या घराचा नकाशा तिच्याजवळ होता. तो बघून तिने पलंग फिरवला, कपाट हलवलं. सहा आठवडे झाले. आई त्या कपाटावर दोनदा आपटली, दुसऱ्यांदा मनगट मोडलं.

मग दादा म्हणाला की आता पुरे. त्याने एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आज शनिवार.

"निदान एकदा ते घर बघून तर येऊ," बेबीच म्हणाली होती. "मी तर बघितलेलंच नाही."

म्हणून आता तीच सगळ्यांत पुढे होती. भिंतींना हात लावत, दारांवरचे आकडे मोठ्याने वाचत चालली होती. आयुष्यभर तिने या गल्लीबद्दल ऐकलं होतं, आपल्या जन्माआधी झालेल्या लग्नाच्या गोष्टी ऐकाव्यात तसं.

"नळ कुठला? तुम्ही म्हणायचात तो?"

"हा काय." ताईने एक बंद केलेला लोखंडी नळ दाखवला. "इथून तिसरं दार आपलं."

"चौथं," दादा म्हणाला.

"तिसरं रे."

"ताई, मी रोज दारं मोजत शाळेतून यायचो."

"तू तेव्हा रोज काय काय करायचास, ते मला विचार."

तिसऱ्या दाराला कुलूप होतं. चौथ्यावर चष्म्याच्या आकाराची पाटी होती. दादा फक्त बाजूला झाला आणि ताईला पुढे जाऊ दिलं, हे बेबीने बघितलं आणि तिला ते आवडलं नाही. हक्काचा टोमणा दादा असा सोडून देत नसे.

चष्म्याच्या दुकानातल्या बाई चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला मोकळ्या. फोनवर बेबीने सगळं सांगितलेलंच होतं. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या आणि स्वतः न बसता आधी जमिनीकडे बोट दाखवलं.

"तुमचं काही बघायच्या आधी माझं एक कोडं सोडवा. ही चार भोकं कसली? सिमेंट भरलंय, पण भरणाऱ्याने मनापासून भरलेलं नाही. बारा वर्षं झाली, माझ्या खुर्चीचं चाक रोज इथेच अडकतं."

ताई वाकली. गुडघ्याचं विसरून खालीच बसली आणि एका भोकावर तळवा ठेवला.

"ट्रेडल," ती म्हणाली. "छापखान्याचं मशीन. बाबांनी जमिनीत बोल्ट मारून बसवलं होतं, नाहीतर ते चालता चालता दारापर्यंत जायचं. त्या भिंतीला खिळ्यांची केस. खिळे म्हणजे छपाईची अक्षरं हो, शिशाची. एकेका अक्षराला एकेक खण. छापून झालं की सगळे खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. ते माझं काम. आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, आधी इथे, मग दुसऱ्या घरात."

"मग आता मी चाकाला शिव्या देणार नाही," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

बेबी हे सगळं कान देऊन ऐकत होती. तिच्या आठवणीतले बाबा दुसऱ्या घरातले, दमलेले, छापलेली पानं मोजणारे. मशीन पळू नये म्हणून जमिनीत बोल्ट मारणारा तरुण माणूस तिला आज पहिल्यांदा भेटत होता.

"आतली खोली बघायची ना?" बाईंनी पडदा बाजूला केला. "मी तिथे काचा घासते. पसारा आहे, पण भिंती तुमच्याच आहेत."

दादाला आत जायचं नव्हतं.

आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं, म्हणूनच नव्हतं जायचं. पण बेबीने त्याचा दंड धरला आणि पडद्यातून आत नेलं. खोली त्याच्या आठवणीपेक्षा लहान होती, त्यात काचा घासायचं यंत्र, रिकाम्या चौकटींचे डबे. मागच्या भिंतीत कोनाडा होता. त्यात आईचा पाण्याचा पेला असायचा, रात्री हाताला लागावा म्हणून. कोनाड्याखाली पलंगाची उशी. म्हणजे पलंग असा. उशीवर डोकं ठेवून आढ्याकडे बघितलं की खिडकी...

खिडकी डाव्या हाताला होती. लाकडी, दोन झडपांची, मधे लोखंडी कडी.

त्याचं अंथरूण त्या खिडकीखालीच असायचं. सकाळचं पहिलं ऊन त्याच्या तोंडावर यायचं. त्याआधी आईची पावलं त्याच्या डोक्याजवळून जायची, कडी वाजायची, आणि मग सगळं घर गप्प. बाबा पुढच्या खोलीत मशीनच्या चाकावर हात ठेवून थांबलेले असायचे. आईचं देवाचं नाव घेऊन होईपर्यंत चाक फिरवायचं नाही, हे घरात कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण कधी मोडलंही नाही. मग आई वळायची, सात वर्षांच्या त्याला पायाने हळूच हलवायची आणि दिवसाचा पहिला शब्द बोलायची. "जा, बाबांना सांग, सुरू करा म्हणावं." तो डोळे चोळत पळायचा. ते त्याचं काम. ताईचे खिळे, त्याचा निरोप.

"हे कसं?" ताई मागून आत आली होती. कोनाड्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. पिशवीतून पुस्तक काढलं, पुस्तकातून कागद. तो दोन्ही हातांत अगदी जवळ धरून ती बघत राहिली. "खिडकी इकडे हवी. उजवीकडे. तुम्ही बदलली का हो?"

"मी नाही," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "आणि बघा, चौकट जुनीच आहे. घरमालकाने आठ वर्षांपूर्वी नुसता रंग दिला, तोही मी मागे लागले म्हणून."

"मग कोनाडा नंतर पाडला असेल."

"ताई," बेबी म्हणाली, "एवढ्या जाड भिंतीत नंतर कोनाडा कोण पाडतं?"

ताईने कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि पुस्तक मिटलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर दादाला बरं वाटलं असतं.

"बाबांच्या हातची चूक मी आजवर बघितलेली नाही," ती म्हणाली. "एक मात्रा इकडची तिकडे नाही. आणि तिच्यासाठी काढलेलं चित्र चुकीचं काढलं?"

ती बाहेर गेली. बेबी गळ्यातली टेप काढून पलंगाच्या जागेपासून खिडकीपर्यंतचं अंतर घेऊ लागली. कशासाठी, ते तिलाही माहीत नसावं. हातांना सवय म्हणून.

"टोक धर," ती म्हणाली. दादाने धरलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"खिडकी डावीकडे आहे ते. मी तिच्याखाली झोपायचो."

बेबीने टेप तशीच ताणून धरली. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो. ताईने पलंग फिरवला त्या दिवशी. म्हणाली, तू सात वर्षांचा होतास, तुला काय कळतंय, बाबांचा कागद आहे माझ्याकडे."

"मग?"

"मग काय."

"एकदाच बोललास?"

दादाने खिडकीची कडी उघडली आणि परत लावली. आवाज तोच होता.

"एकदाच," तो म्हणाला. "मला वाटलं, नाही जमलं तर नाही जमलं. ताई स्वतःच कंटाळेल. तिचे गुडघे बघ. आईला उचलता उचलता तीच पडेल एक दिवस. मी उगाच नाही म्हणत आश्रम. पण मनगट मोडलं तेव्हा... फोन आला तेव्हा मला आधी आईचं मनगट नाही आठवलं, बेबी. ही खिडकी आठवली."

बेबीने टेपचा आकडा बघितला. एकशे दहा इंच. तो पुन्हा पुन्हा वाचत राहिली, म्हणजे दादाकडे बघावं लागणार नाही.

"ताईला सांग," ती शेवटी म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? मी तेव्हा पाळण्यात होते."

बाहेर ताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी उभी होती. बाईंनी चहा आणला होता. ताईने कप घेतला, पण ओठाला लावला नाही. ती मनातल्या मनात देवाशी बोलत होती, आणि ते भांडण नव्हतं. ती एवढंच विचारत होती की बाबांवर विश्वास ठेवला, यात माझं चुकलं कुठे. दुसऱ्या घरात खिडकी उजव्या हाताला होती, त्यामुळे तिची स्वतःची आठवण कधीच डळमळली होती. डळमळलेल्या आठवणीपेक्षा बाबांचा कागद बरा, असं तिला वाटलं. त्या कागदामुळेच आई पडली. सोमवारी दादा होकार कळवेल आणि आपल्याजवळ नाही म्हणायला तोंड उरणार नाही.

"एवढं डोळ्यांत पाणी आलंय तर डोळेच तपासून देते," चष्मेवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "फुकट. कोडं सोडवलंत त्याबद्दल."

ताईला हसू आलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर एक मोठं अक्षर, खाली लहान लहान होत गेलेली. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली.

"म. ट, ग. क, ल, न. प, र, स, ज..." पाचवी ओळ, सहावी ओळ. "सातवी जरा धूसर आहे. द, ब, ख, फ. नंबर वाढलाय बहुतेक."

बाई हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या विसरल्या.

"तुम्ही कुठे बघून वाचलंत?"

"हे काय, समोर."

"तो तक्ता उलटा आहे, ताई." गिऱ्हाइकं म्हणतात तसं त्याही ताई म्हणाल्या. "खोली लहान पडते म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे लावायचा, समोर आरसा, तो आत्ता तुमच्या पाठीशी आहे. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं. तक्त्यावर प्रत्येक अक्षर उलटं छापलेलं असतं. बारा वर्षांत तक्त्याकडे बघून सरळ वाचणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

ताईने पुन्हा तक्त्याकडे बघितलं. या वेळी सावकाश, एकेक अक्षर. मग ती खुर्चीवर बसली.

बेबी आणि दादा आतून आले तेव्हा ती पुस्तकातून कागद काढत होती. तो बेबीनेच तिच्या हातून घेतला. बाबांचा कागद बेबी पहिल्यांदा उघडा बघत होती. ताई तो पुस्तकाबाहेर काढायचीच नाही.

"हा तू नेहमी असा धरतेस? खालची बाजू वर?"

"खिळे असेच वाचतात. अक्षराचं डोकं खाली करून, डावीकडून उजवीकडे."

"ताई, यावर सगळं उलटं लिहिलंय."

"हो का?" ताई म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मला दिसलंच नाही गं. मला नेहमीसारखंच दिसलं."

चष्मेवाल्या बाईंनी कागद घेतला आणि आरशासमोर धरला. चौघांची डोकी एकत्र आली. आरशात बाबांचं वळणदार अक्षर सुलट झालं. पुढे प्रेस. मागे पलंग. पलंगापासून ठिपक्यांची एक रेघ निघाली होती, डाव्या हाताला, थेट खिडकीपर्यंत. रेघेवर लिहिलं होतं, सहा पावलं. आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात: घर सोडताना, तिच्यासाठी.

"ठसा करायचा होता," दादा म्हणाला. "लाकडात कोरून. छापून आईला द्यायचं होतं. ठशासाठी चित्र उलटंच काढावं लागतं. मग छापल्यावर सुलट उमटतं."

"छापलं का नाही मग?"

"बाबांची कुठली कामं वेळेवर व्हायची?" दादा म्हणाला. ताईने त्याच्याकडे बघितलं, आणि या टोमण्यावर ती पहिल्यांदाच रागावली नाही.

"म्हणजे बाबांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी सहा आठवडे आईला आरशातल्या घरात चालवलं."

"ताई..."

"तू सांगितलं होतंस मला. मी म्हटलं, तुला काय कळतंय."

"मी एकदाच सांगितलं," दादा म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मला खात्री होती, ताई. आतासारखीच. मी मुद्दाम गप्प बसलो. न जमू दे, असं वाटलं होतं मला."

चष्मेवाल्या बाई चहाचे कप उचलून आत निघून गेल्या. बेबीला वाटलं, आता ताई काहीतरी बोलेल आणि ते तिघांना पुढची वीस वर्षं पुरेल.

ताई जमिनीतल्या भोकांकडे बघत होती.

"हे तू मला सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"हो."

"बरं." तिने पुस्तक पिशवीत ठेवलं. "माझ्या गुडघ्यांचं तू म्हणतोस ते खोटं नाही. पण ते मला विचारायचं रे. कपाटाला विचारायचं नाही."

दादाने मान हलवली. मग घड्याळ बघितलं, आणि पहिल्यांदाच वेळ सांगितली नाही.

परतताना गाडीत बेबी मागच्या सीटवर आकडेमोड करत होती. "एकशे दहा इंच," ती मधेच म्हणाली. "सहा पावलं. म्हणजे पाऊल साधारण सवाअठरा इंचांचं."

"बरोबर," दादा म्हणाला. "बाबांनी मोजलेलं आहे."

"बाबांनी बत्तीस वर्षांच्या बाईचं पाऊल मोजलंय. लग्नातला ब्लाऊज आईला आता बसेल का?"

पुढच्या सीटवरून ताई मागे वळली.

"गिऱ्हाईक म्हणतं, माझं माप तुमच्याकडे आहे," बेबी म्हणाली. "मी म्हणते, असेल, पण पुन्हा घेऊ. आई सहा पावलं मोजून थांबणार. पलंग जुन्या अंतरावर ठेवला तर ती खोलीच्या मधे उभी राहील आणि हवेत कडी शोधेल."

घरी पोचेपर्यंत पावणेपाच झाले. आई खुर्चीत बसून पदराची किनार बोटांवर गुंडाळत होती, एक हात प्लॅस्टरमध्ये. तिने तिघांकडे पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं आणि अदबीने विचारलं, "लांबून आलात?"

"जवळूनच," बेबी म्हणाली. "चला, थोडं चालू या का?"

तिने आईला कमरेशी धरलं. ताईने फरशीवर खडूने खुणा केल्या. आई कुठल्याही पाहुण्याच्या शब्दाला मान द्यावा तशी निमूट चालली, पाय न उचलता, सपाता घासत. बेबीने गुडघ्यावर बसून टेप लावली. तेरा इंच. पुन्हा चालवलं. तेरा.

"साडेसहा फूट," बेबी म्हणाली.

मग दादाने बाह्या सरसावल्या. कपाट खोलीतून बाहेर काढून बाहेरच्या खोलीत नेलं. तिथे ते दाराच्या वाटेत आलं आणि ताई म्हणाली, येऊ दे वाटेत. पलंग तीनदा फिरवला. एकदा ताईला डोकं कुठे ते पटेना, एकदा दादाला. शेवटी ताई स्वतः पलंगावर आडवी झाली, डोळे मिटले, डावा हात बाहेर काढला.

"इकडे खिडकी?"

"इकडे."

"मग बरोबर."

रात्री दादा घरी गेला नाही. बायकोला फोन केला आणि बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या सावलीत, सतरंजीवर झोपला. ताईने उशी आणून दिली.

"सोमवारी तू काय सांगणार आहेस?" तिने विचारलं. जोर देऊन नाही.

"उद्या सकाळी बघू."

"आणि उद्या पडली तर?"

"तर मी दारातच असेन," दादा म्हणाला. "आणि तू नाही उचलायचंस. मी उचलणार."

उजाडायच्या आधी तिघंही उठून आईच्या दाराशी उभी होती. दार इंचभर किलकिलं. बेबीने ताईचा हात धरला होता. आत पलंग करकरला. मग बराच वेळ काही नाही. मग सपाता शोधणारे पाय.

एक.

दादाचे ओठ हलत होते, डेपोतून गाडी सुटताना हलायचे तसे.

दोन. तीन. मधे पावलं थांबली. ताईने डोळे मिटून घेतले. ती काय म्हणत होती ते तिच्या देवालाच ठाऊक. चार. पाच.

सहा.

चांगल्या हाताची बोटं लाकडावरून फिरल्याचा आवाज आला. कडी वाजली. झडप उघडली आणि गार हवा दाराच्या फटीतून तिघांच्या चेहऱ्यांवर आली.

मग सगळं घर गप्प झालं. रस्त्यावरून एक सायकल गेली, कुणाच्या तरी घरात नळ सुरू झाला आणि बंद झाला. तिघांपैकी कुणी हललं नाही. त्या गप्प राहण्यात दादाला एकदम फार जुनं काहीतरी ओळखीचं वाटलं. पलीकडे कुणीतरी चाकावर हात ठेवून थांबलं आहे, असं.

आई वळली. दार आपोआप थोडं उघडलं होतं आणि दारात दादा उभा होता, एकसष्ट वर्षांचा, विस्कटलेल्या केसांचा, डोळ्यांत झोप. आईने त्याच्याकडे बघितलं. पाहुण्याकडे बघतात तसं नाही.

"उठलास?" ती म्हणाली. "जा, बाबांना सांग, सुरू करा म्हणावं."

दादा वळला. बाहेरच्या खोलीत आला, वाटेतल्या कपाटाला खांदा घासून. तिथे सतरंजी होती, उशी होती, उशीशेजारी त्याचा फोन होता. तो क्षणभर रिकाम्या खोलीकडे बघत उभा राहिला. मग फोन उचलला आणि एका बोटाने, शब्द न् शब्द सावकाश जुळवत, आश्रमाच्या व्यवस्थापकांना लिहिलं की आमच्यासाठी धरलेली खोली दुसऱ्या कुणाला द्यावी. एकदा वाचून बघितलं. पाठवलं.

आई खिडकीशी तशीच उभी होती, निरोपाची वाट बघत.

"सांगितलं," तो म्हणाला.